दिवसभर तोंड बंद

७ डिसेंबर, शनिवार
वहिनी डोकं खाऊन गेली. उद्या त्या चष्म्याच्या दुकानवाल्याला भेटायचं — कुठे, तर खाडीवर, पक्ष्यांच्या राखीव जागेत! चहाच्या दुकानाला काय धाड भरली? "अगं, बायको गेल्यापासून पाखरांचाच नाद आहे त्याला. आणि हे बघ, जीभ आवर. आधीची दोन स्थळं तूच पळवलीस!"
खरंय. लॉन्ड्रीत मशीनच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझं साधं बोलणंही भांडण वाटतं. पण नवरा गेला, लेक सासरी. घर खायला उठतं. हे जमायला हवं.

८ डिसेंबर, रविवार
काय पाहिलं मी!
गेटवरच रखवालदाराने दम भरला — आत एक शब्द नाही. झालं! दलदलीच्या काठी लाकडी खोपी, भिंतीला फटी, आत मी आणि तो. त्यानेही ओठांवर बोट ठेवलं. कान मोठे. शर्टाची इस्त्री मात्र चोख — तेवढं मला कळतं.
वाटलं, कंटाळून मरणार. मग त्याने दुर्बीण हातात दिली, चक्र फिरवलं — अगंबाई! चिखलच चालायला लागला! सगळी पाखरंच ती, करडी, सुईसारख्या चोचीची. तेवढ्यात वरून गरुड धोंड्यासारखा पडला आणि मासा घेऊन वर! मी किंचाळणारच, रुमाल तोंडात कोंबला. तो हसला — नुसते खांदे हलवत.
भरती चढली तसा गुलाबी पाखरांचा अख्खा थवा उठला. आभाळच पेटलं! मी त्याचा दंड धरला. सोडायचं भानच नाही. त्यानेही सोडवला नाही.
संध्याकाळी वहिनी स्कूटर घेऊन गेटवर. तो पाखरं बघत आतच थांबला, निरोपही हातानेच. जन्मात एवढी गप्प बसले नसेन.

१० डिसेंबर, मंगळवार
निरोप आला — पसंत! "म्हणाला, इतकी शांत बाई शोधूनही सापडायची नाही," वहिनीने खाली बघतच सांगितलं.
लेकीला फोनवर हसून हसून उचकी लागली. "आई, आता लग्नापर्यंत मुकीच राहा!"
नाही जमायचं. फसवून संसार नको. उद्या स्वतः फोन करते — मी अशी आहे, तोंडाळ. झेपत असेल तर बघा.
तुटलं तर? — नको. झोपते.

११ डिसेंबर
केला फोन. "मला काही सांगायचंय" — एवढंच बोलले. पुढे तासभर तोच! गिऱ्हाइकं, चष्म्याच्या काड्या, शेजाऱ्याचा गळका नळ! मेला श्वास घेईना. मला 'हं' म्हणायलाही फट नाही.
शेवटी ओरडलेच — "अहो, करते लग्न! आता फोन ठेवा!"