गाडी केरबाला, आणि त्या आवाजाचा खुलासा

तीनदा निरोप धाडला, एकदा स्वतः दारात जाऊन उभी राहिले, तरी माझा धाकटा दीर केरबा तोंड दाखवत नाही. जाऊ निर्मला दारातूनच म्हणाली, "ते घरात न्हाईत, आक्का." त्याची चप्पल उंबऱ्यापाशी होती. मला चप्पल ओळखू येत नाही असं तिला वाटतं काय? तोंडी ऐकायचं नसेल तर कागदावर ऐकावं, म्हणून हे मृत्युपत्र.

लिहून ठेवणार मी, श्रीमती आक्काताई गणपतराव चौगले, वय ५४, शिक्षण चौथी, धंदा स्वतःची गाडी भाड्यानं चालवणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी मला धाक घातलेला नाही. येत्या मंगळवारी माझी पिशवी काढायची आहे. तिनं जन्मात एक मूल दिलं नाही, आता जाताना तेवढा त्रास देते. डॉक्टर म्हणतात काही होत नाही. होत नाही तर आधी सही कशाला घेतात? याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच खरं धरावं.

कलम १. मंगळवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्या निर्मलेला. चपलेचं धरूनसुद्धा तिलाच. मालक गेले तेव्हा ती महिनाभर माझ्या शेजारी निजायला येत होती. खोल्या तिच्याच नावावर व्हाव्यात, केरबाच्या नाही. बाईच्या नावावर चार भिंती असाव्यात.

कलम २. पतसंस्थेतली ठेव दिवसकार्याला वापरावी. पाटल्या आहेत त्या केरबाची मुलगी तेजस्वी हिला. मोडून मोबाईल घ्यायचा नाही.

कलम ३. माहेरच्या कुणाला काही नाही. का ते त्यांना ठाऊक आहे.

कलम ४. माझी सात सीटची डिझेल गाडी, टर्बोसकट, केरबाला. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा ढकलणारा पंखा, वेगळा लिहिला, कारण भांडण त्याचंच आहे. वकीलसाहेब म्हणाले, पुढचं मृत्युपत्रात लिहायचं नसतं. मी म्हटलं, मग कुठं लिहू?

दसरा झाला आणि गाडी आवाज करायला लागली. उभ्या गाडीत काही नाही. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की पुढून हूऽऽ असा आवाज यायचा, बंद दाराआड कुणी रडतंय तसा, आणि गाडी ओढायची नाही. नृसिंहवाडीला निघालेली माणसं मागं बसून दत्ताचं नाव घ्यायला लागायची. केरबा शेजारी बसून आला, त्यानंही ऐकलं. शाहूपुरीत त्याच्या गॅरेजात नेऊन त्यानं पाइपांना साबणाचं पाणी लावलं, कुठं बुडबुडा आला नाही. फिल्टर उघडला, तो साफ. मग मला विचारलं, "वैनी, दसऱ्यात बॉनेट उघडून काय ठेवलंतं का? खरं सांगा."

मी म्हटलं, "माझ्या गाडीला कोण हात लावतंय?"

हे खोटं होतं. खंडेनवमीला पहाटे शेडचं दार आतून लावून मी गाडीची ओटी भरली होती. विधवेनं ओटी भरायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको. पण ती गाडी मला पोसते, माझ्या लेकीच्या जागी आहे. नारळ आणि गहू लगेच उचलले. हिरवा खण मात्र उचलवेना. कुणाला दिसू नये म्हणून तो हेडलाइटमागं एका भोकात कोंबला. इंजिन हवा घेतं ते तोंडच तिथं आहे, हे मला काय ठाऊक! जोरात गेलं की टर्बो हवा ओढणार, खण तोंडावर बसणार, गाडी रडणार. थांबलं की खण खाली. बिचारा केरबा थांबलेल्या गाडीत शोधत होता.

त्यानं टर्बो खोलला, बघितला, चांगला आहे म्हणून परत बसवला. आवाज तसाच. तेव्हा मी स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांसमोर ओरडले, "माझा चांगला टर्बो काढून कुणाचा सडका बसवलास, केरबा? भावाच्या बायकोला लुटतोस व्हय रे?" त्यानं फडक्याला हात पुसले, म्हणाला, "वैनी, किल्ली घ्या," आणि गेला. त्या दिवसापासून स्टँडवरची एक गाडी त्याच्याकडं जात नाही. माझी जीभ एवढी चालते हे मला माहीत नव्हतं.

पुढं एकदा नृसिंहवाडीला गाडीचा हेडलाइट गेला. आमच्या स्टँडचा बाळासो बल्ब बदलत होता, त्यानं हात घालून खण ओढून काढला. "आक्का, गाडीला चोळी शिवताय काय?" सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "उंदरानं वढून न्हेला असंल." हे दुसरं खोटं. परत येताना कोल्हापूरपर्यंत गाडीनं हूं की चूं केलं नाही आणि मला मान वर करून आरशात बघवेना.

ओटी भरली याची मला लाज नाही. परत भरीन. माझी लाज झाकायला केरबाला चोर केला, त्याची आहे.

कलम ५. मालकांची पान्ह्यांची पेटी केरबाकडंच आहे. भांडणानंतर ती मी परत मागितली होती. ते मागणं रद्द.

कलम ६. हे कलम मी खोडलं आहे आणि खोडल्यावर सही केली आहे. त्यात लिहिलं होतं की मी गेल्यावर कलम ४ स्टँडवर मोठ्यानं वाचावं. शेजारचे किराणा दुकानदार बसलिंगाप्पा साक्षीला आले, त्यांनी ते वाचलं. म्हणाले, "आक्का, तुम्ही मेल्यावर केरबाच्या दारात गिऱ्हाईक येणार? म्हणजे त्यानं तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं की!" मेल्यावर लाज वाटत नाही, म्हणूनच तसं लिहिलं होतं.

कलम ७. बाळासोला काही नाही. उलट माझा जॅक त्याच्याकडं आहे, तो आणावा. ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष चालते असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून दुसरी सही त्याची. वाचायचं नाही या अटीवर घेतली आहे.

वरचं सगळं मी माझ्या हातानं लिहिलं, दोघांसमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: आक्काताई गणपतराव चौगले
साक्षीदार: १) बसलिंगाप्पा मगदूम २) बाळासो खोत
कोल्हापूर, बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

नक्कल: केरबा चौगले, शाहूपुरी, यास आजच.

केरबा, सोमवारी सकाळी मी स्टँडवर उभी राहून हे सगळ्यांना सांगणार आहे, खणासकट, उंदरासकट. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी सांगणार. पण तू नसताना सांगितलं तर ते परत पाठीमागचंच बोलणं झालं. येणार का नाही, ते रविवारी दिवेलागणीच्या आत मला कळलं पाहिजे. निर्मलेकडून निरोप चालणार नाही. स्वतःच्या तोंडानं सांग.