तलावाचं वय आणि यशोदाबाईची चूल

तलावाच्या पाळीखाली, चोरखमाऱ्याच्या अलीकडे,
जि. गोंदिया
ज्येष्ठ, सन २०१२

चि. हिमांशु यास,

मामाचे आशीर्वाद. (आपल्या घरी भाचा वयाने लहान आणि मानाने मोठा. समोर असतास तर मीच तुझ्या पाया पडलो असतो. पण कागदावर वाकता येत नाही, आणि सध्या कंबरही वाकत नाही. का वाकत नाही ते पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल. मामी खुशाल, म्हैस खुशाल, ऊनही पंचेचाळीसच्या वर खुशाल. तुझी खुशाली कळवीत जा. गोव्याच्या प्रयोगशाळेत उणे वीसच्या खोलीत गादीएवढा कोट घालून तू दक्षिण ध्रुवाचा बर्फ कापत बसतोस, हे मी पारावर सांगतो, तेव्हा लोक या उन्हात तुझी काळजी करत नाहीत, हेवा करतात. काळजी करायला मामी आहे. गेल्या तीन दिवाळ्यांना तू आला नाहीस. एकदा जहाजाची तयारी होती, एकदा बर्फाचे डबे यायचे होते, एकदा साहेबाने सुट्टी दिली नाही. तिला हे सगळं तोंडपाठ आहे. पण ते लिहायला हे पत्र नाही. हे पत्र तलावाबद्दल आहे.

झालं असं की ग्रामपंचायतीने ठरवलं, पाळीवर एक दगड बसवायचा आणि तलाव कोणत्या साली बांधला ते त्यावर कोरायचं. आपण पडलो जातीचे कोहळी. तलाव बांधणं आपल्या रक्तातच आहे. (मी स्वतः कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नाही, पण रक्तात आहे.) तेव्हा मी भर सभेत उठून सांगितलं की हा तलाव आमच्या खापरपणजोबांनी बांधला, त्याला तीनशे वर्षं झाली. लगेच रामलाल उठला. शेजारचा रामलाल पवार, ज्याच्या आंब्यावर तू दगड मारायचास तोच. त्याचं म्हणणं, त्याचे पूर्वज माळव्याहून आले तेव्हा इथे म्हशी लोळायचा खड्डा होता, पाळ त्यांनी घातली. पुरावा त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, त्यामुळे वाद चांगला रंगला. शेवटी मला तू आठवलास. मी म्हटलं, आमचा भाचा हजारो वर्षांपूर्वी ध्रुवावर कोणत्या साली किती बर्फ पडला ते थर मोजून सांगतो, तिथे आपल्या तलावाची काय कथा. सभेने माना डोलावल्या. इथेच मी खाली बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं की भाच्याची विद्या मामालाही येते.

येत होती तशी थोडीफार. मागे आलास तेव्हा पडवीत बसून तूच सांगितलं होतंस की तिथला बर्फ वितळत नाही, एका सालाच्या बर्फावर दुसऱ्या सालाचा पडतो आणि दाबून बसतो. पोकळ बरम्याने त्याचा लांब दांडा काढायचा. वर नवा, खाली जुना. उन्हाळ्याचा थर वेगळा, हिवाळ्याचा वेगळा, दोन्ही मिळून एक वर्ष. थर जाड तर त्या साली बर्फ जास्त. मध्ये एखाद्या ज्वालामुखीची राख सापडली आणि तो कधी फुटला ते ठाऊक असलं, की मोजणी बरोबर आली का ते ताडून पाहायचं. मी विचार केला, तलावात वेगळं काय होतं? पावसाळ्याच्या लोंढ्याबरोबर जाड रेती येते, तिच्यावर पुढे वर्षभर बारीक चिकण गाळ बसतो. रेती आणि गाळ, झालं एक साल. तुमच्या सरकारने एवढं जहाज कशाला पाठवावं, तेही मला कळेना.

बर्फाचा बरमा आपल्याकडे कुठला? मी फुलचूरहून बोअरवेलच्या सेवकराम मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक जाड प्लास्टिकचा पाइप आणला आणि तलावाच्या मधोमध, जिथे वरून भेगा पडल्या होत्या पण आत चिखल होता, तिथे उभा केला. दोन माणसं घणाने ठोकत होती. पाइप अर्धा गेला आणि अडला. सेवकराम म्हणाला, वजन कमी पडतं. वजनाचा विषय निघाला की गावात सगळे माझ्याकडे बघतात. मी पाइपवर आडवी फळी टाकली, तिच्यावर चढून बसलो, आणि पाइप सरसर आत गेला. मीही गेलो. फळी सटकली आणि मी कंबरेपर्यंत चिखलात रुतलो. (कंबरेचं हे असं.) सगळं गाव पाळीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतं. रामलालने ट्रॅक्टर आणला, दोर सोडला, आणि आधी पाइप बांधला. मी ओरडलो तर म्हणाला, "पाइप वाळला तं आतला गाळ फुटते, भोजराजभाऊ. तुमी काही फुटत नाई." शास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं, म्हणून मी चिखलातूनच त्याला गाठ नीट मारायला सांगितलं.

घरी पाइप उभा चिरून गाळाचा दांडा अंगणात फळीवर ठेवला. दिसायला फार सुंदर, बाबा. रेती, गाळ, रेती, गाळ. तू बर्फाबद्दल बोलताना तुझे डोळे का चमकतात ते मला त्या दिवशी कळलं. मी प्रत्येक थराला एक आगकाडी टोचत गेलो. रामलाल खाटेवर बसून माझ्याबरोबर मोठ्याने मोजत होता. एकोणतीस थर झाले आणि खाली एकदम कडक मुरूम लागला. तलाव संपला. म्हणजे हिशेबाने आपला तलाव १९८३ सालचा, आणि माझं लग्न एकाहत्तरचं. रामलाल हनुवटी खाजवत म्हणाला, "म्हंजे तुमच्या वरातीतले लोकं तलावात आंघोळ करून राहिले होते, तवा पानी नव्हतंच म्हना."

रात्रभर मला झोप नाही. चूक सापडली सकाळी म्हशीला चारा घालताना. तुझ्या बर्फाला तिथे कुणी हात लावत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात तलावाचा गाळ बैलगाड्यांत भरून धानाच्या बांध्यांत खत म्हणून टाकायचे. आजोबांनी टाकला, बाबांनी टाकला, मीही टाकला. पुढे युरियाची पोती आली आणि गाड्या बंद झाल्या. तिथून पुढचे तेवढे थर शिल्लक, त्याच्या आधीचं सगळं खणून नेलेलं. तीनशे वर्षांचा पुरावा आम्ही भात करून खाल्ला. आणि शेवटच्या गाड्या कधी भरल्या ते पक्कं आठवतं, कारण मी गाडीवर होतो तेव्हा बाबा बांधावरून ओरडत आले होते की ताईला मुलगा झाला. तो तूच. तुझ्या ज्वालामुखीच्या राखेपेक्षा ही खूण पक्की आहे. म्हणजे माझी मोजणी एका सालानेही चुकली नाही. फक्त निघालं ते तलावाचं वय नव्हतं, तुझं होतं. हे ऐकून मामी एवढंच म्हणाली की एकोणतीस म्हणजे लग्नाचं वय निघून चाललं.

तो दांडा मी तुला डब्यात घालून गोव्याला पाठवणार होतो. दुपारी जरा आडवा झालो, उठून बघतो तर फळीवर नुसत्या आगकाड्या, ओळीने ठेवलेल्या. मागच्या अंगणात तुझी यशोदामामी कोपरापर्यंत गाळात हात घालून नवीन चूल घालत होती. जुनी तडकली होती, तू पाचवीत असतानाची, ती तिने त्याच सकाळी फोडून टाकली होती. मी कपाळाला हात लावला. एवढी चिकण माती आयती अंगणात आली तर सोडायची कशाला, असं तिचं म्हणणं पडलं. तर आता तुझी एकोणतीस वर्षं नीट मळून, भुसा घालून, दोन तोंडांची चूल होऊन मागच्या दारी वाळत आहेत.

मोठ्यांस नमस्कार, साहेबास राम राम, पेंग्विन भेटल्यास त्यासही.

तुझा मामा,
भोजराज

ता. क. : दगडाचा वाद मिटला. मी आणि रामलालने मिळून मजकूर दिला आहे, "हा तलाव फार जुना आहे." कुणी बांधला ते लिहायचं नाही, कुणी गाळ खाल्ला तेही नाही. दगड दिवाळीच्या पाडव्याला बसणार आहे. रामलालची इच्छा आहे की तू त्या दिवशी हजार वर्षांपूर्वीच्या बर्फाचा एक खडा आणावास, म्हणजे सरबतात टाकता येईल. मी हो म्हणून बसलो आहे.

ता. क. दुसरा : बर्फ नाही आणलास तरी चालेल. रामलालला मी बाजारातला दाखवीन, त्याला काय कळतं.

ता. क. तिसरा : जुन्या चुलीचे तुकडे मामीने कुंपणाशी टाकले होते. मला आता कुठे थर दिसले की राहवत नाही. एक मोठा तुकडा उचलून पाहिला. रोजच्या पोतेऱ्याची काळी माती, आणि दर दिवाळीला ती चुलीला गेरूचा हात देते त्याची तांबडी रेघ. माती, रेघ, माती, रेघ. खालपासून मोजत आलो. तू शाळेत होतास ती सालं, नागपूरला शिकायला गेलास ती सालं, नोकरी लागली ते साल, सगळ्या रेघा जागच्या जागी. वर मात्र बोटभर नुसती काळी माती आहे. शेवटच्या तीन रेघा नाहीत. तलावाचे थर आम्ही गाड्या भरून नेले होते, हे कुणी नेलेले नाहीत, हे पडलेच नाहीत. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गेरू सरला होता जी. तुमी कायले उकिरडा उकरून राहिले?" गेरूचं दुकान आपल्या दारासमोर आहे, हे तुला ठाऊकच आहे.

यंदाचा गेरू मी आजच आणून फळीवर ठेवला आहे. साहेबाला काय सांगायचं ते तू बघ.