गाठोडंवाल्या बाईचं वाक्य

प्रिय वैष्णवी,

फोनवर तू 'हं, हं' म्हणत दुसऱ्याच कुणाशी बोलत असतेस, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. शेळीला दोन करडं झाली. भामाकाकूही बरी आहे. बरी कसली, तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. तुझ्या नाटकात आपली गोष्ट आली, हे शिरूरच्या बाजारात भाजी घेता घेता अनोळखी माणसांनाही सांगते. परवा मला म्हणाली, "मुक्ता, तुला कावून न्हाई इचारलं गं पोरीनं?" मी म्हणाले, "मला लई कामं हायत."

कामं होतीच. गावातल्या बायकांच्या रोजच्या गोष्टी गोळा करायला तू आलीस, तेव्हा तिच्या पत्र्याखाली उकडतं म्हणून तिला बोलतं केलंस ते आपल्याच ओसरीत. तुमच्या मंडळींचा चहा, भाकरी, पिठलं माझ्याकडे. ती तुझ्या लहानपणाचं सांगत होती आणि तू मान कलती करून ऐकत होतीस. माझं बोलणं तू तसं कधी ऐकलेलं मला आठवत नाही. एकदाच वळून बघितलंस. "आई, कुकर बंद कर ना, शिट्टी रेकॉर्ड होतीय." म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्ये मीही आहे म्हणायची, एका शिट्टीपुरती.

भामाबाईने तुला सांभाळलं, हे मी नाकारत नाही. उसाच्या फडावर आम्ही राहायचो त्या कोपीतल्या धुरानं तुला खोकला धरायचा, म्हणून दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला माजलगावकडे जाताना तुला माझ्या या जावेकडे ठेवायचो. तुझं पहिलं पाऊल तिनं पाहिलं. गोवर आला तेव्हा ती जागली. फडावर मी शेजारच्या कोपीतल्या पोरींच्या वेण्या घालायचे, हात विसरू नये म्हणून. उन्हाळ्यात परत आले की तू माझ्यापुढे बसायचीस आणि म्हणायचीस, "काकूवानी घाल."

रविवारी शाळेत तालीम पाहिली. आई फडावरून परत येते, लेकरू तिला ओळखत नाही, काकूच्या पदराआड दडून "मावशी आली" म्हणतं, तो प्रसंग. भामाबाईने तुला तो हसत हसत सांगितला होता, लोकही हसले. मीही हसले, ती शेजारीच बसली होती. पण काकूला तू पानभर बोलणं दिलंस, आणि आईचं काम करणारी सुकन्या डोक्यावर गाठोडं घेऊन नुसती उभी. मग अंधार.

तो प्रसंग काढ, असं म्हणत नाही. पण त्या बाईला बोलता येत होतं. भामाबाई चहा टाकायला आत गेली, म्हणून पुढचं तिला ठाऊक नाही, आणि मीही तिला कधी कळू दिलं नाही. मी गाठोडं उतरवलं आणि तुला म्हणाले, "व्हय, मावशीच हाय. मावशीला तहान लागली, पानी देतीस का?" पाहुण्याला द्यायचं तसा तू दोन्ही हातांनी तांब्या आणलास. निम्मं पाणी अंगणात सांडलं. उरलेलं मी थांबून थांबून प्यायले. तू रिकाम्या तांब्यात डोकावलीस आणि विचारलंस, "मावशी, तू ऱ्हानार का?" मी म्हणाले, "दिवाळीपर्यंत."

हे वाक्य सुकन्येला दे. पण पत्रातून उतरवून घेऊ नकोस. ओसरीत येऊन बस आणि मला विचार. त्या दिवशी मी कुकर लावणार नाही.

तुझीच,
आई