घोट्यातले स्क्रू आणि माझं काउंटर

३ मार्च
घोट्याचं ऑपरेशन झालं. मोडलेल्या हाडात दोन स्क्रू. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणे. वीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय, आणि डॉक्टर मला स्क्रू शिकवतायत! एकदा बसला की बसला. पंधरा दिवसांत काउंटरवर. तोवर दुकान बायकोकडे. बिचारीला नट कुठला, बोल्ट कुठला तेही कळत नाही.

७ मार्च
एक्स-रे नीट बघितला. शुद्ध फसवणूक! स्क्रूला आटे फक्त टोकाकडे, बाकी गुळगुळीत. फोन करून डॉक्टरांना झापलं. ते म्हणे, असाच लागतो. आटे हाडाचा पलीकडचा तुकडा ओढतात, डोकं अलीकडचा दाबतं, दोन्ही घट्ट आवळले जातात. पटलं नाही. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर म्हणाली, अहो, आपल्या लाकडाच्या स्क्रूचं तेच तर असतं, परवाच दुकानात आलेल्या सुतारांनी समजावलं. मला माहीत होतंच. तिची परीक्षा घेत होतो.

१२ मार्च, दुपारी २
चैन पडत नाही. ही कूस, ती कूस. दुकानात फोन केला. गिऱ्हाईक आहे, मग बोलते, म्हणाली. या वेळेला गिऱ्हाईक? मी तर माशा मारायचो. थाप असणार.

२.१०
पुन्हा केला. एंगेज.

१५ मार्च
सुतार भेटायला आले. वहिनींनी सगळ्या डब्यांना लेबलं लावलीत, माल पटकन सापडतो, म्हणाले. मी म्हटलं, माझीच आयडिया. ते हसले. का हसले?
निश्चय: कुबड्या बंद. पायाला लाडावून ठेवलंय नुसतं.

१८ मार्च
चालत दुकानात गेलो. जीव जाईल इतकं दुखलं, म्हणजे हाड जुळतंय. दुकानात ही गर्दी! माझ्या खुर्चीत बायको. एक पोरगी मला म्हणते, काका, लाइनीत या. माझ्याच दुकानात! तावातावाने काउंटरच्या आत पाय टाकला. घोट्यात कट्ट झालं.

१९ मार्च
स्क्रू वाकला. हाड सरकलं. उद्या परत ऑपरेशन. डॉक्टरांनी विचारलं, या वेळी तरी सहा आठवडे पाळणार ना? मी म्हटलं, छे, दुकान अडतं माझ्यावाचून. बायको शांतपणे म्हणाली, तीन महिने लिहा डॉक्टर, दुकानाचं काही अडत नाही.
एकदम रडूच आलं. पाय दुखतोय, असं सांगितलं दोघांना.