तुमच्या महादेवाशी मी बोलले

प्रिय आत्याबाई,

आज आपली गौरी पुन्हा शाळेत गेली. दप्तरसुद्धा मला उचलू दिलं नाही तिनं! ती वळणाआड गेली आणि वाटलं, सासूबाई, तुम्हाला हे सांगितल्याशिवाय आज मशीनवर बसायचंच नाही. म्हणून अर्धं शिवलेलं पोलकं बाजूला ठेवून लिहितेय.

तुम्ही होता तेव्हा घरात देवाशी बोलायचं काम तुमचंच. तुरीतले खडे निवडता निवडता शेजारणीशी बोलावं तसं बोलायचात. "महादेवा, सुमन आज जेवली न्हाई. बघ बाबा." किती चिडायचे मी! तुमच्या लेकाला शेतातल्या मोटारीचा शॉक लागला, त्या दिवसापासून मी देवापुढं हात जोडलेच नव्हते.

एकदा तर तोंडावर विचारलं, "तुमचा एकुलता एक लेक नेला त्यानं. तरी काहून बोलता त्याच्याशी?"

केवढा कठोर प्रश्न तो! पण तुम्ही रागावला नाहीत. सूप खाली ठेवलंत. "नेला. त्याचा जाब मी रोज इचारते. पण सकाळी उठून चूल पेटवायचं बळ मला कोण देऊन राहिला, ते बी सांग. तू रुसलीस ना? रूस. तुझ्या वाटचं मी बोलते."

आणि मग अशा न सांगता गेलात! छातीत दुखतंय, एवढं तरी मला सांगायचं होतं. सगळं त्यालाच सांगायचं का?

गेल्या महिन्यात गौरीचं पोट दुखायला लागलं. अपचन असेल म्हणून मी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी पोरगी तापानं फणफणली. आपल्या गोरेगावहून जीपनं हिंगोली, तिथून नांदेड. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स आत फुटलंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. आत्ता काही सांगता येत नाही."

स्ट्रेचरवरून गौरीनं माझा पदर धरला. "आई, मी बाबांसारखी मरणार का गं?"

आत्याबाई, तुमची किती आठवण आली तेव्हा! माझ्या वाटचं बोलायला कुणीच नव्हतं. मग भिंतीकडं तोंड करून मीच बोलले, "महादेवा, मी सुमन. आत्याबाईंची सून. माझा राग गेलेला न्हाई. पण मला उभं राहता येईना. लेकरापुढं रडू देऊ नको."

लेकरू वाचव, असं म्हणायचं राहूनच गेलं बघा!

चमत्कार काही झाला नाही. भिंतीकडून वळून उभी राहू शकले, इतकंच. गौरीचा हात हातात घेतला. "डॉक्टर तुला बरं करायला नेऊन राहिलेत. मी दाराशीच हाय. आन् आत तुझ्यासंगं महादेव हाय."

"मला दिसंल तो?"

"न्हाई गं. भूल दिल्यावर तू झोपशील. तो जागा राहील."

तिनं आपणहून पदर सोडला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले ते हसतच. आणि शुद्धीवर आल्यावर पोरगी पहिलं काय म्हणाली? "भूक लागली!" तुमचीच नात ती!

कधीकधी वाटतं, गौरी वाचली नसती तर मी पुन्हा रुसले असते का? रुसले असते, नक्की. पण आता बोलणं सोडलं नसतं. तुम्ही कशाच्या जोरावर उभ्या राहिलात, ते दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात थोडं थोडं कळलं मला.

आपल्या शेजारच्या रजियाभाभींच्या मालकांना परवा अर्धांगवायू झाला. भाभी कुणाशी बोलत नाहीत, जेवतही नाहीत. आज भाकरी घेऊन जाते. उपदेश करणार नाही. त्यांचा अल्ला आणि त्या काय ते बघतील. पण त्यांनी चार घास खाल्ल्याशिवाय मी तिथून उठणार नाही, हा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
सुमन