खालच्या वाडीला पाणी पोचल्याची हकीकत

आदरणीय नोर्बू मामांना फुन्चोकचा वाकून जुले.

तुमचा खोकला कमी झाला का? नुब्रात जर्दाळूला यंदा मोहोर कसा आहे? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे यांगदोल ठीक आहे, गाई ठीक आहेत आणि मी हे पत्र उपडा झोपून लिहितो आहे. उपडा का, ते ओघाने येईलच.

यंदा गावाला पाणी वाटायची, पाटकऱ्याची पाळी आपल्या घराकडे आली. (नुसती पाळीच, पण मी निवडून आल्याच्या थाटात नवी टोपी घातली. ती घट्ट झाली, तर यांगदोल म्हणाली, टोपी बरोबर आहे, डोकं फुगलंय.) पेरणीआधीच्या बैठकीत डोंगरावर बर्फ किती, हे पाटकऱ्याने सांगायचं आणि त्यावरून कोणी किती पेरायचं ते ठरायचं. हिवाळा कोरडा गेला, हे शेळ्यांनाही माहीत होतं. पण त्या सकाळी मी लेहहून आणलेली दुर्बीण डोळ्याला लावली, तर डोंगर वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र! वर जाऊन बर्फात काठी खुपसून पाहावी, एवढं सुचायला हवं होतं, पण चढ फार आहे, मामा. मी छाती काढून सांगितलं, बिनधास्त पेरा. खालच्या वाडीची दिस्कित आचे, सगळ्यांची थोरली ताईच ती, नवरा गेल्यापासून एकटीच शेती ओढते. माझ्या शब्दावर तिने पडीक ठेवायचा तुकडाही पेरला, खायचे जव बियाण्याला घालून. त्याच दिवशी पेरून ती चहाला बसेतो डोंगर पुन्हा काळा! आदल्या रात्री भुरभुरलेला बर्फ तो, पापडाइतका जाड.

पुढे जव बोटभर उगवले, पहिल्या पाण्याची वेळ आली आणि ओढ्याला करंगळीएवढी धार. भरलेलं असायला हवं त्या तळ्यात एक वासरू बसून रवंथ करत होतं. दिस्कित आचे भांडली असती तर बरं झालं असतं. ती आली, तळ्यात डोकावली आणि शांतपणे म्हणाली, “पाटकरीसाहेब, बर्फ डोंगरावर होता की दुर्बिणीत?” त्या दिवशी मला थुकपा गिळवेना. (संध्याकाळी गिळला, पण चव नव्हती.)

दुपारपर्यंत सावलीत असणाऱ्या वरच्या घळीत जुना बर्फ होता, दगडासारखा घट्ट. त्यावर राख पसरली की तो ऊन धरतो आणि लवकर वितळतो, हे तुम्हीच मला दाखवलेलं. म्हणून घरोघरच्या चुलींची राख मागून, गाढवांवर गोण्या लादून चढलो. वाऱ्याकडे तोंड करून पहिली गोणी उधळली. बर्फ होता तसा पांढरा राहिला, मी काळा झालो, आणि आपलंच गाढव मला न ओळखता खाली पळालं. उरलेली राख मग मुकाट्याने वाऱ्याकडे पाठ करून पसरली.

पण बर्फाला ऊन लागलं, मामा! ओढा खळखळायला लागला. थेंबही वाया जाऊ नये म्हणून तळ्याच्या मोरीला बूच मी असं ठोकून बसवलं, की तळं काठोकाठ भरल्यावर ते मलाच निघेना. पाणी बांधावरून सांडायला लागलं. बांध फुटला असता तर खालची शेतं मातीखाली गेली असती. मी टोपी काढली आणि त्या गारठ्यात उडी मारली. लाथांनी बूच निघालं, पण पाण्याच्या ओढीने मीही पायांकडून मोरीत शिरलो आणि पोटापाशी अडकलो. पाटकऱ्यानेच गावाचं पाणी अडवलं! बाहेरच्या बाजूने दिस्कित आचेला पाण्याऐवजी दोन पाय दिसले. ती ओरडली, “यांगदोल, तुझ्या नवऱ्याला वर ओढ! बुचापेक्षा हाच घट्ट बसलाय!” हिने वरून काखेत हात घालून ओढलं, तिने खालून फावड्याने ढकललं. मी निघालो. विजार मात्र पाण्याबरोबर गेली. खालच्या वाडीत बायका पाटाकडे डोळे लावून बसल्या होत्या. पाणी आलं ही बातमी त्यांना माझ्या विजारीने दिली. पाठ सोललेली आहे, म्हणून उपडा.

मामींना जुले. खोकल्याला जपा.

आपला भाचा,
फुन्चोक

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुमची तब्येत फार बिघडली असून भाच्याला तातडीने धाडा, असा निरोप आमच्या मुखियाकडे पाठवावा. कापणीपर्यंत बिघडलेली राहिली तर उत्तम. वाडीतून जाताना बायका माझ्या विजारीकडे बघून हसतात.

ता. क. उडी मारली असं वर लिहिलंय. पाय घसरला होता.

मामा, मी यांगदोल. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. निरोप पाठवू नका, हे यायचे नाहीत. रोज उठून खालच्या वाडीत जातात आणि जवाच्या वाफ्यांवर वाकून बसतात. काल दिस्कित आचेने ह्यांच्यासाठी दह्याचं भांडं पाठवलं. म्हणाले, तिचं पीक घरात येईपर्यंत मला हक्क नाही. भांड्याभोवती फेऱ्या मारल्या, झाकण उचलून वास घेतला, पण बोट लावलं नाही. दही मी खाल्लं. छान होतं.