माझ्या नावाने बोलणारी

५ फेब्रुवारी, नेकनूर
आले बाई एकदाची! पेटी, कुकर, लॅपटॉप आणि मी, सगळं धड पोचलं. खोली रतनबाईंची. मोठी, उजेडाची, आणि भाडं इतकं कमी की मला सोडायला आलेल्या नाथादादाला संशय आला. रतनबाईंच्या ओठांवरून कळलं ते असं, की इथं आवाज लई होतो म्हणून भाडेकरू टिकत न्हाई, पण तुला काय त्रास हाय? भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. मला हसूच फुटलं. सातवीत असताना तापात कान गेले, त्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला.

दादा जाताना बजावून गेला, की काही वाकडं झालं तर गाडी घेऊन येतो, मग गप घरी बसायचं. घरी म्हणजे शेळ्यांशेजारची मागची खोली, आणि पाहुणे आले की बाहेरून कडी. मी मरेन पण तिथं परत जाणार नाही.

६ फेब्रुवारी
नोकरी सुरू! बियाणं-खतं घरपोच देणारी कंपनी, आणि आमची तुकडी घरून काम करणाऱ्या दिव्यांगांची. असं ते म्हणतात, मी अपंगच म्हणते. प्रियदर्शनी मॅडम पुण्यात, व्हीलचेअरवर, त्या तुकडीप्रमुख. उमापूरचा बिभीषण जन्मापासून आंधळा, तो शेतकऱ्यांचे फोन घेतो. तक्रारींना लेखी उत्तरं मी देते. मीटिंगमध्ये कॅमेरे बंद, कारण आमच्याकडचं नेट दम धरत नाही. जो बोलेल त्याचं नाव आणि बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं, म्हणून मला सगळं कळतं. मला सांगायचं ते मी टाइप करते. तोंड उघडत नाही. माझा आवाज आता कसा झालाय ते मला माहीत नाही, पण मी बोलले की समोरच्याचं तोंड कसं होतं ते कान गेल्यापासून बघितलंय.

१० फेब्रुवारी
आज गंमतच झाली. बिभीषण म्हणाला, दीपमालाताई, तुमचा आवाज लई गोड हाय, ऐकत बसावं वाटतं. मी चाट पडले. माझा? अक्षरं वर सरकवून बघितली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, "नमस्कार, मी दीपमाला. आता मीच बोलत जाईन." माइक तर बंद होता. मशीनची गफलत असणार. लगेच कळवायला हवं होतं. पण माझ्या आवाजाला कुणी गोड म्हटलं, ते खोडवेना.

१४ फेब्रुवारी
ती रोज बोलते. मी टाइप करायच्या आत तिचं उत्तर गेलेलं असतं, आणि ते बरोबर असतं. मॅडम लई खूश. पगार पक्का, म्हणाल्या.

गिरणीत दळण घेऊन येणारं अजून एकही माणूस दिसलं नाही. आज जाऊन बघितलं तर दाराला गंजकं कुलूप. रतनबाईंना विचारलं, मग आवाज कसला होतो? त्या खाली मान घालून काहीतरी बोलल्या. खाली मान घातली की मला काही कळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

१७ फेब्रुवारी
न राहवून मॅडमना लिहिलं, तो आवाज माझा नाही. त्यांचं उत्तर आलं, अगं, आत्ताच तर फोनवर बोललीस, की ताण आलाय, मधूनच वेडंवाकडं लिहीन, मनावर घेऊ नका.

मी फोनला हात लावला नव्हता.

कॅमेरा सुरू केला. म्हटलं, बघा माझे मिटलेले ओठ. मॅडमनी बघितले. म्हणाल्या, नेट अडकतंय गं, आवाज पुढं आणि चित्र मागं.

१८ फेब्रुवारी
मीटिंग चालू असताना गळ्यावर हात ठेवला. काही नाही. भिंतीवर ठेवला — भिंत थरथरत होती. बोलताना माणसाची छाती थरथरते तशी. आणि ही गिरणीकडची भिंत नव्हे. माझ्या पाठीमागची.

१९ फेब्रुवारी
हरले. दादाला मेसेज केला, गाडी घेऊन ये. मागची खोली तर मागची खोली. कडी लावा हवी तर.

दादाचा मेसेज — तुझा फोन येऊन गेला, किती नीट बोललीस इतक्या वर्षांनी, आई रडली ऐकून. सुखात रहा. आता आम्हाला काळजी न्हाई.

तो येत नाही.

खोली सोडायला निघाले. दार उघडेना. रतनबाई अंगणात पाठमोऱ्या. मी खिडकी बडवली. त्यांना ऐकू येतं, देवा, त्यांना तर ऐकू येतं —

२० फेब्रुवारी
मीटिंगमध्ये माइक सुरू केला आणि ओरडले. माझ्या तोंडानं. ती मी नाही, दीपमाला मी आहे, मी!

मी पडद्याकडं बघितलं. मग बिभीषणची अक्षरं. "ताई, कोण वरडतंय तिथं? तुमच्या खोलीत कोण बाई शिरलीया? लई भेसूर. आधी तिला भाईर काढा."

माझ्या नावापुढं उमटलं, "हो. काढते."

लॅपटॉप मिटला. भिंतीला हात लावला. भिंत गप्प आहे —

आता खुर्ची थरथरतेय. पाठीला लागतंय —

लिहीत राहते. हे मी लिहितेय. मी. माझं नाव दीप